पेटीवरचे जहाज आणि पेटीतले जहाज

आमच्या देवस्थानाच्या वाचनालयास गेल्या चातुर्मासात मुंबईच्या एका कुळाव्याने काही रक्कम पाठविली आणि तिच्यासोबत एक इच्छाही कळविली. वाचनालयात येणाऱ्या मुलांनी एकत्र बसून एक लाकडी जहाज जुळवावे आणि ते काचेच्या कपाटात सर्वांना पाहावयास ठेवावे, अशी ती इच्छा होती. समितीने ती एकमताने मान्य केली. पण एकमत तेवढ्यावरच संपले. कोणते जहाज, हा प्रश्न निघताच सूचीपत्रे उघडली गेली आणि अर्ध्या घटकेत समितीचे सात सभासद सात समुद्रांवर गेले. शेवटी, जो विषय मिटत नाही तो वकिलाकडे पाठवावा या जुन्या रिवाजास अनुसरून तो मजकडे आला. "वकीलबाब, तुम्ही हा नाद एकदा केलेला आहे, तुम्हीच काय ते लिहून द्या," असे अध्यक्षांनी सांगितले. मी समितीस जे लिहून दिले त्याचाच हा विस्तार आहे.

असल्या जुळणीसंचास पुष्कळ लोक खेळणे समजतात. माझ्या मते तो ग्रंथाच्या जातीचा पदार्थ आहे. ग्रंथाप्रमाणे त्याला कर्ता असतो, आवृत्ती असते, आधार असतात किंवा नसतात; आणि ग्रंथाप्रमाणेच त्याचे वेष्टन आतल्या मजकुराहून अधिक बोलके असू शकते. पेटीवर जे चित्र असते ते एखाद्या निष्णात कारागिराने शेकडो तास खपून पुरे केलेल्या जहाजाचे असते. पेटी उघडली म्हणजे आत निघतात त्या पट्ट्यांच्या जुड्या, कापून ठेवलेल्या प्लायवुडच्या पाट्या, दोऱ्यांची रिळे, बारीक पितळी खिळ्यांच्या पुड्या आणि नकाशांच्या घड्या. या दोन जहाजांमधले अंतर ज्याला पैसे मोजण्यापूर्वी दिसते, त्यानेच खरी निवड केली असे म्हणता येईल. बाकीचे चित्र विकत घेतात.

निवडीची पहिली कसोटी पुराव्याची आहे. ज्या जहाजाची ही प्रतिकृती म्हणविते, ते जहाज कसे होते हे संचकर्त्यास कशावरून कळले? न्यायशास्त्राने ज्ञानाची चार प्रमाणे सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. सूचीपत्रातील प्रत्येक जहाजाला आपण यांपैकी कोणत्या प्रमाणावर तरंगता, हे विचारावे. उत्तरे ऐकण्यासारखी असतात.

समितीतील दोघांची पसंती कोलंबसाच्या 'सांता मारिया'ला होती. हा संच लहानमोठ्या अनेक कारखान्यांचा मिळतो, आणि तीन डोलकाठ्यांचे ते गोल पोटाचे जहाज दिसावयास मोहक आहे यात संशय नाही. परंतु ते जहाज १४९२ सालच्या नाताळच्या रात्री हैतीच्या किनाऱ्याशी रुतले आणि त्याच्या लाकडातून कोलंबसाने तेथे एक गढी उभारविली. त्याचा नकाशा नाही, त्या काळी समोर बसून काढलेले चित्रही नाही. स्पेनने १८९२ साली एक आणि १९२९ साली दुसरी अशा पूर्णाकृती प्रतिकृती बांधल्या. त्या परस्परांशी जुळत नाहीत. त्या दोन्ही विद्वानांनी विचारपूर्वक केल्या होत्या. म्हणजे येथे सारा कारभार अनुमानाचा आणि उपमानाचा. त्यात दोष नाही. अनुमान हेही प्रमाणच आहे. दोष आहे तो पेटीवर ते अनुमान प्रत्यक्षाच्या थाटात मिरविण्यात. अमुक भाग आम्ही तर्काने योजला आहे, असे एक वाक्य माहितीपुस्तिकेत असते तर माझी तक्रार उरली नसती.

याच्या अगदी विरुद्ध टोकास स्वीडनचे 'वासा' आहे. हे राजाचे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीस निघाले आणि दीड किलोमीटरही न जाता, वाऱ्याच्या झोतासरशी कलंडून बुडाले. वरचा भार अधिक आणि तळ हलका, हे त्याचे कारण. ३३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६१ रोजी, ते जवळजवळ सबंध वर काढण्यात आले आणि आज ते स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभे आहे. याहून अधिक प्रत्यक्ष पुरावा कोणत्याही जुन्या जहाजाचा मागता येणार नाही. तरीही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कित्येक वर्षे अशी समजूत होती की या जहाजाची मागची बाजू निळी असून तिच्यावर सोनेरी मूर्ती होत्या. पुढे लाकडावर उरलेल्या रंगकणांचा अभ्यास झाला तेव्हा पार्श्वभूमी तांबडी आणि मूर्ती नाना रंगांच्या होत्या, असे ठरले. तेव्हा पेटीवरील 'वासा' निळा असेल तर तो संच जुन्या माहितीचा आहे हे ओळखावे. ग्रंथाची आवृत्ती पाहतो तशी संचाचीही पाहिली पाहिजे. शिवाय त्या जहाजावर शेकडो कोरीव मूर्ती आहेत. संचात त्या ओतीव धातूच्या येतात, आणि त्यांचे चेहरे ओतकामात कसे वितळले आहेत हे पेटीवरच्या चित्रात दिसत नाही.

अध्यक्षांची स्वतःची पसंती नेल्सनच्या 'व्हिक्टरी'ला होती. येथेही पुरावा भक्कम आहे. जहाज पोर्टस्मथ येथे १९२२ पासून कोरड्या गोदीत उभे आहे. पण प्रश्न असा की, कोणत्या सालचे 'व्हिक्टरी'? ते १७६५ साली पाण्यात उतरले. १८०० ते १८०३ या काळात त्याची मोठी दुरुस्ती झाली आणि मागच्या बाजूचे उघडे सज्जे काढून ती बंद करण्यात आली. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरला लढले ते हे दुसरे रूप. काही संच एका रूपाचा देह आणि दुसऱ्या रूपाचे अलंकार एकत्र देतात. न्यायालयात साक्षीदाराने दोन निरनिराळ्या दिवसांच्या घटना एका दिवसाच्या म्हणून सांगितल्या तर त्याचा प्रत्येक शब्द खरा असूनही साक्ष खोटी ठरते. तसेच हे आहे.

दुसरी कसोटी कारागिरीची. बहुतेक संचांची घडण एकसारखी असते. जहाजाच्या लांबीएवढी एक उभी पाटी हा कणा; तिच्यातील खाचांत आडव्या पाट्या बसवावयाच्या; या सांगाड्यावर लिंडनच्या मऊ पट्ट्यांचा पहिला थर आणि त्यावर अक्रोडाच्या पातळ पट्ट्यांचा दुसरा. खऱ्या जहाजाला दाट फासळ्या असतात. येथे मोजक्याच पाट्या असतात. त्या किती आहेत हे विकत घेण्यापूर्वी नकाशावर मोजावे. त्या दूरदूर असतील तर मधल्या जागेत पट्टी खपाटीला जाते आणि जहाजाचे पोट गोल न राहता पैलू पाडल्यासारखे दिसते. नाळेजवळ, जेथे वळण सर्वांत कठीण असते, तेथे भरीव ठोकळे दिले आहेत की नाहीत हेही पाहावे.

मग लाकूड पाहावे. अक्रोड देखणा खरा. पण त्याचे रेषे ठळक असतात. आकार बहात्तराव्या हिश्शाने लहान केला तरी झाडाचे रेषे लहान होत नाहीत, आणि फळीवर दोराएवढ्या जाड रेघा उमटल्यासारख्या वाटतात. नाशपातीसारखे बारीक रेषांचे लाकूड या कामास अधिक योग्य. शिडांची गोष्ट तीच. पाव मिलिमीटर जाडीच्या धाग्याचे कापड घेतले तर बहात्तरपट केल्यावर तो धागा १८ मिलिमीटरचा होतो. असले शीड खलाशांना उचलवलेही नसते. म्हणून जाणते लोक पुष्कळदा शिडे लावीतच नाहीत. उघड्या डोलकाठ्या आणि दोर एवढेच ठेवतात. संचात आयती शिवलेली शिडे आहेत ही जाहिरात गुणाची नसून दोषाची आहे.

तिसरी कसोटी बांधणाऱ्याची. येथे मला माझी स्वतःचीच साक्ष द्यावी लागते.

आठ वर्षांपूर्वी मी एक तीन मजली युद्धनौका विकत घेतली. तिचे व तिच्या कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष पेटीत थोडा होता आणि माझ्यात पुष्कळ होता. पेटीवरचे चित्र पाहून मी ती घेतली. शंभरावर तोफा, तीन डोलकाठ्या, नाळेपुढे झेपावणाऱ्या काठीसह चार फुटांहून अधिक लांबी. पहिला सांगाडा मी वैशाखात उभा केला. आषाढात आमच्याकडे भिंतींना पाझर फुटतो, कपाटातल्या कायद्याच्या पुस्तकांवर बुरशी चढते. त्या हवेत प्लायवुडचा कणा पीळ घेऊन बसला. श्रावणात तो सरळ करण्यात गेला. पुढल्या वर्षी पट्ट्यांचे दोन्ही थर कसेबसे पुरे झाले आणि तोफांस आरंभ केला. एकेक तोफ म्हणजे गाडा, चार चाके, आस आणि दोर. अडतिसाव्या तोफेपाशी मी थांबलो, तो थांबलोच. आज ते जहाज माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेले आहे.

जहाज अपुरे राहिले याचे मला फारसे दुःख नाही. दुःख निराळे आहे. तेव्हा माझा मुलगा आठ वर्षांचा होता. तो रोज संध्याकाळी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभा राही आणि विचारी, "बाबा, ही एक पट्टी मी लावू?" किमती वस्तू, एक पट्टी चुकली तर ओळ बिघडेल, म्हणून मी दर वेळी नाही म्हणे. काही महिन्यांनी त्याने विचारणे सोडले. माझ्या निवडीतील खरी चूक ती होती. ज्या कामात मुलाला चूक करू देण्याची सोय नाही, ते काम मी घरात आणले होते. समितीस लिहिताना ही गोष्ट मी गाळली असती तर माझे मत अप्रामाणिक झाले असते.

या तीन कसोट्यांवर समितीत फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो चौथ्या प्रश्नावर: जहाज कोणाचे? एका तरुण सभासदाने सुचविले की, गोव्याच्या इतिहासाशी संबंध असलेले सोळाव्या शतकातील पोर्तुगीज जहाज घ्यावे. त्याने अल्बुकर्कच्या 'फ्लोर द ला मार'चे नाव घेतले. हे ऐकताच एक वृद्ध महाजन उठून उभे राहिले. ते काय बोलले ते वाचकांस सांगावयास नको. तरुणाचेही म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. शत्रूचे जहाज समजून घ्यावे, ते पाहून मुलांनी प्रश्न विचारावेत, असे तो म्हणत होता. मी निवाडा पुराव्यावर दिला. ते जहाज १५११ साली मलाक्क्याच्या लुटीसह सुमात्राजवळ बुडाले. त्याचा नकाशा उरलेला नाही. जे बांधू ते त्या काळच्या सर्वसाधारण जहाजासारखे होईल आणि खाली पाटी मात्र त्या एका नावाची लागेल. संग्रहालयात शेजारी दोन परिच्छेद लिहून असे जहाज ठेवता येईल. देवस्थानाच्या वाचनालयात पाटीवर मावेल एवढ्या मजकुरात त्याची हकीकत सांगता येणार नाही.

तेव्हा दुसरे एक सभासद म्हणाले, निदान आपल्या माणसांनी बांधलेले तरी घ्या. ही सूचना मला सर्वांत जवळची वाटली. इंग्लंडात हार्टलपूल येथे 'ट्रिंकोमाली' नावाचे फ्रिगेट आजही पाण्यावर आहे. ते १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानातून बांधले गेले. त्याच्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे कोरलेला चांदीचा खिळा ठोकला होता. त्याचे नकाशे प्रथम ज्या 'जावा' जहाजातून मुंबईस निघाले ते डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलपाशी अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने जिंकून जाळले, आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. गंमत अशी की, ते 'कॉन्स्टिट्यूशन' संचविक्रेत्यांच्या सूचीत हमखास सापडते. ज्याला फ्रिगेट बांधण्याएवढा सराव झाला आहे त्याने मुंबईच्या या सागवानी मुलीकडे जरूर वळावे. तिच्या वर्गाची आरेखने ग्रीनिचच्या संग्रहात आहेत आणि जहाज तर उभेच आहे. परंतु तीन डोलकाठ्यांचा दोरखंडी संसार दहा-बारा वर्षांच्या मुलांस झेपणार नाही. माझ्या माळ्यावर एक पुरावा आहे. दुसरा वाचनालयात नको.

म्हणून मी शिफारस केली ती जहाजाची नव्हे, एका उघड्या होडीची. २८ एप्रिल १७८९ रोजी 'बाउंटी' या जहाजावर बंड झाले आणि कप्तान ब्लाय यास धरून १९ माणसे एका २३ फुटी होडीत सोडून देण्यात आली. एक जण तोफुआ बेटावर मारला गेला. उरलेले १८ जण सुमारे ३,६०० सागरी मैल जाऊन १४ जून रोजी तिमोर बेटावर जिवंत पोहोचले. या होडीचा सोळाव्या हिश्शाचा संच मिळतो. लांबी सव्वासतरा इंच. तोफ एकही नाही. होडीची लांबी, ६ फूट ९ इंच रुंदी आणि २ फूट ९ इंच खोली ब्लायने स्वतः लिहून ठेवली आहे. तेव्हा शब्दप्रमाण चोख आहे. मुख्य म्हणजे ही होडी उघडी आहे. तिच्या फासळ्या, बसावयाच्या फळ्या, वल्ह्यांच्या जागा, सारे डोळ्यांसमोर राहते. तीन मजली जहाजात चुका जशा फळ्यांखाली झाकतात तशा येथे झाकत नाहीत. मोठ्या प्रमाणामुळे तुकडेही मुलांच्या बोटांत मावतात. एखादी फळी मोडली तर तशी दुसरी कापता येते.

आक्षेप दोन आले. होडी फार लहान. आणि इंग्रज अधिकाऱ्याची होडी आपण का बांधावी? पहिल्यास उत्तर माळ्यावर होते. दुसऱ्यास मी असे उत्तर दिले की, आपल्या दैवतांचा इतिहास मोठ्या जहाजांचा नाही. श्री मंगेश १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास आला तो जुवारी ओलांडून. देव मागे राहू नये म्हणून जीव मुठीत धरून निघालेल्या माणसांनी ज्या होडीचा आश्रय केला, तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, तिचा नकाशा नाही, तिचा संच कोणत्याही सूचीपत्रात मिळत नाही. आम्हास एखादे जलयान खरोखर ठेवावयाचे असेल तर ते हे. पण ते बांधण्यापूर्वी होडी कशी बांधतात हे हातांना कळले पाहिजे; आणि त्या शिक्षणासाठी, ज्या होडीचा प्रत्येक इंच नोंदलेला आहे ती बरी. मत घेतले तेव्हा शिफारस एका मताने संमत झाली. ते मत त्या वृद्ध महाजनांचे होते.

पण नदी ओलांडणाऱ्या त्या होडीचा आधार कोणता, असे मला लगेच विचारण्यात आले. 'सांता मारिया'ला लावलेली कसोटी येथेही लागू होतेच. होते, आणि तिचे उत्तर गोव्यातच घडून गेले आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील भित्तिचित्रातील एका जहाजावरून, खिळा न वापरता काथ्याने फळ्या शिवून बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज गोव्यात तयार झाले आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली ते शिवले. हाती एक चित्र तेवढे होते, नकाशा नव्हता. म्हणून बांधणाऱ्यांनी चित्रातून आकार तर्काने काढला, त्याची लहान प्रतिकृती मद्रासच्या आयआयटीत पाण्यात तपासली, आणि हे सारे उघड सांगितले. अनुमान प्रामाणिक कसे असावे याचा हा वस्तुपाठ आहे. आमच्यापुढे तर त्याहून जवळचा आधार आहे. कुंभारजुव्याच्या सांगोडात दोन होड्या जोडताना जे पाहतात, त्यांना ठाऊक आहे की नदीवरची होडी अजून नाहीशी झालेली नाही. ती फूटपट्टी घेऊन मोजता येते.

काम कार्तिकात सुरू झाले. एके दिवशी नदीकाठचा एक म्हातारा मेस्त, ज्याचा जन्म होड्या बांधण्यात व दुरुस्त करण्यात गेला, देवदर्शनास आला असता सहज वाचनालयात डोकावला. मुलांनी नाळेजवळची एक फळी ओढूनताणून बसविली होती. त्याने नेमके तेथेच बोट ठेवले आणि म्हणाला, "फळयेक जोर करूं नाकात. तिका जंय वचपाचें आसा, थंय वचूं दियात." मग खाली बसून त्याने कोंकणीत एकेका भागाचे नाव सांगितले, आणि मुलांनी ती नावे वहीत उतरून घेतली. संचाच्या माहितीपुस्तिकेत तीस पाने आहेत. वहीची ती दोन पाने मला त्यांहून मोलाची वाटली. ती फळी काढून, कोमट पाण्यात भिजवून, पुन्हा लावण्यात आली. ते काम माझ्या मुलाने केले. तो आता सोळा वर्षांचा आहे. पहिल्या दिवशी त्याने एक फळी मोडली होती. मी काही बोललो नाही.

एक अडचण तेवढी राहिली. काचेचे कपाट समितीने आधीच करवून घेतले होते आणि सुताराने माप 'व्हिक्टरी'चे धरले होते. पाच फुटांच्या कपाटात सव्वासतरा इंचांची होडी उभी राहणार, हे पाहून अध्यक्ष जरा खट्टू झाले. कपाट बदलू नये, असे मी सुचविले आहे. पावसाळा सरला की मुले नदीवर जाऊन एक जुनी होडी मोजणार आहेत. ती जागा तिच्यासाठी ठेवली आहे.